रानातल्या रक्ताची नोंद



2011 सालच्या उन्हाळ्याअखेरीस जर्मनी व नेदरलँड्स येथील दुभत्या गाईंना ताप येऊ लागला, अतिसार होऊ लागला आणि दूध एकाएकी घटले. नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या फ्रीडरिख लोफ्लर संस्थेने गाईंच्या रक्तात एक नवा विषाणू शोधला. ज्या गावानजीकचे ते नमुने होते, त्या श्मालेनबर्गचेच नाव त्याला मिळाले. चिलटांच्या दंशातून पसरणाऱ्या या रोगाचे भीषण स्वरूप पुढील हिवाळ्यात प्रकटले. मेंढ्यांना व्यंग असलेली, पुष्कळदा मृत कोकरे होऊ लागली.

गाईमेंढ्यांना मालक असतो. त्याचे नुकसान होते म्हणून तो दाद मागतो. रानातले हरीण निर्धनी. विषाणू त्याच्या अंगातून जातो, तरी ते सहसा आजारी दिसत नाही. रक्तातील प्रतिपिंडे तेवढी साक्ष देतात. बेल्जियममध्ये शिकारीत मारलेल्या लाल व रो जातींच्या हरणांचे रक्तजल तपासण्यात आले. 2010 च्या शरद ऋतूतील एकाही नमुन्यात प्रतिपिंडे नव्हती. 2011 च्या नमुन्यांत ती मोठ्या प्रमाणात आढळली. विषाणू रानात केव्हा शिरला, याचा निवाडा झाला.

हरणाचीच साक्ष का घ्यावी? गाय बाजारातून बाजारात जाते. तिला रोग नेमका कोठे जडला, हे सांगणे अवघड. शिवाय 2013 मध्ये लस आली, आणि लसीनेही प्रतिपिंडे निर्माण होतात. रानातल्या हरणाला ना कोणी विकतो, ना लस टोचतो. त्यामुळे चिलटांनी रोग कोठवर नेला, हे त्याच्या रक्तावरून अधिक निर्मळपणे कळते.

साथ ओसरल्यावर हा खर्च कशासाठी, असा आक्षेप येतो. पण साथ कायमची ओसरत नाही. जुनी जनावरे जातात, प्रतिकारशक्ती नसलेली नवी येतात. ब्रिटनमध्ये 2016-17 च्या हंगामात व्यंग असलेली कोकरे पुन्हा जन्मली.

2010 साली ते रक्त घेतले गेले, तेव्हा या रोगाला नावदेखील नव्हते. त्याचे बाजारमूल्य शून्य होते. परंतु त्याच्यावाचून 2011 चे आकडे मुके राहिले असते. ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि ज्याची किंमत कोणा एकाकडून वसूल करता येत नाही, ते नफ्याच्या हिशेबावर सोपवणे म्हणजे लहान मेंढपाळाला वाऱ्यावर सोडणे होय. म्हणून रानातल्या रक्ताची नोंद ही साथीपुरती तातडीची बाब न ठरता सरकारी अंदाजपत्रकातील नित्याची बाब झाली पाहिजे.