चिठ्ठी आईच्याच नावे का?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सल्ला केंद्रात बाया मारहाणीची, पोटगीची तक्रार घेऊन येतात. बोलता बोलता पिशवीतून शाळेची चिठ्ठी निघते. 'मुलगा एका जागी बसत नाही. वही अपुरी असते. पालकांनी भेटावे.' पालक म्हणजे आई, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. शाळेतल्या बाई म्हणतात, 'घरी वळण नाही.' सासू म्हणते, 'लाडावून ठेवलाय.' नवरा मायलेकरांना दोघांनाही बडवतो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

यातल्या काही मुलांना एडीएचडी असतो. लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं, मनात आलं की लगेच न करणं, हे त्यांना वयाच्या मानाने फार जड जातं. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या वळणामुळे तो होत नाही. हे आईलाही सांगा, बाईंनाही सांगा.

पण प्रत्येक दंगेखोर मूल एडीएचडीचं नसतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून, किमान ६ महिने, आणि घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. कमी ऐकू येणारं, झोप पुरी न होणारं, रोज रात्री आईला मार खाताना बघणारं मूलही वर्गात हरवलेलं असतं. निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी करायचं, औषध द्यायचं की नाही तेही त्यांनी आणि पालकांनी ठरवायचं. बाईंनी वर्गात जे दिसतं ते नेमकं लिहून द्यावं, शिक्का मारू नये.

मुलींकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. पुष्कळ मुली दंगा करत नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत राहतात, डबा विसरतात, अर्धं वाक्य लिहून थांबतात. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. 'हिला डोकंच नाही' असं ठरतं, आणि मग तिची शाळा सोडवून लग्न लावणं सोपं जातं.

बाईंशी बोलायला जाताना त्यांना आरोपी करू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला, पण जनगणना आणि निवडणुकीची कामं शिक्षकांकडेच ठेवली. त्याही दमलेल्या बायका आहेत. त्यांना जमेल असंच सुचवा. मुलाला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. दहा गणितांऐवजी आधी तीन द्या, तपासा, मग पुढची. फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उठायची कामं त्याला सोपवा. जमलं की लगेच शाबासकी द्या. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नका. धावण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

कायदाही हाताशी असू द्या. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे, आणि ती अनेकदा एडीएचडीसोबत आढळते. म्हणून तिचीही तपासणी मागून घ्या.

पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या एका शाळेत जावं आणि दोनच गोष्टी मागाव्यात. चिठ्ठीत पहिलं वाक्य मुलाला काय जमलं याचं असावं. आणि मायना 'आई-वडिलांस' असा असावा. बापालाही शाळेची पायरी चढू दे.