घड्याळ कोठे थांबते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हा प्रश्न सरळ होता : हे यंत्र किती माणसांचे काम काढून घेणार? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा करार केला, त्याच्याही मुळाशी हाच प्रश्न होता. तो आजही निकालात निघालेला नाही. परंतु दरम्यानच्या काळात त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला आहे आणि चळवळीने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. संगणकाने कारकुनाची बेरीज-वजाबाकी घेतली, तेवढ्यावर तो थांबला नाही. कागद कोणाकडून कोणाकडे जावा, कोठे अडावा, किती दिवस अडला म्हणजे उशीर झाला असे समजावे आणि त्या उशिराचा दोष कोणाच्या नावावर लिहावा, हे ठरविण्याचे कामही त्याने घेतले. हे काम मुळात राज्यकारभाराचे आहे; म्हणूनच ते राजकारणाचेही आहे.

व्यवसायाच्या भाषेत याला 'वर्कफ्लो', म्हणजे कामाचा प्रवाह, असे म्हणतात. एखाद्या कारखान्याला कच्चा माल मागवायचा आहे. विभागप्रमुख मागणी नोंदवितो. रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर व्यवस्थापकाची मान्यता पुरते. मर्यादेबाहेर गेली तर मागणी आपोआप वरिष्ठाकडे जाते. माल आला आणि बिल आले, की आज्ञावली मागणी, मालाची पावती आणि बिल या तिन्हींतील आकडे ताडून पाहते. आकडे जुळले तर पैसे सुटतात. न जुळले तर ते प्रकरण 'अपवादां'च्या रांगेत जाऊन पडते. या सगळ्याचा नकाशा काढण्यासाठी 'बीपीएमएन' नावाची एक सर्वमान्य चिन्हलिपी आहे. तिची दुसरी आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चौकोन म्हणजे करावयाचे काम. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे जेथे वाट फुटते ती जागा. वर्तुळ म्हणजे आरंभ, शेवट किंवा मधली एखादी घटना. आणि वर्तुळात घड्याळ काढलेले असेल तर तेथे मुदत मोजली जाते. हा नकाशा वाचायला अभियंता व्हावे लागत नाही. ज्याला सात-बाराचा उतारा वाचता येतो, त्याला हा नकाशाही थोड्या सरावाने वाचता येईल.

चांगल्या चाललेल्या उद्योगात या प्रवाहाची मशागत कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक प्रवाहाला एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो. अपवादांच्या रांगेत किती प्रकरणे साचली हे तो वरचेवर पाहतो. नियम बदलला तर कोणी, केव्हा आणि का बदलला याची नोंद राहते. एखादी चूक पसरू लागली तर प्रवाह थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले असते. कारखानदार ही काळजी घेतो, कारण पैसा त्याचा असतो. मजुराची मजुरी, वृद्धेचे निवृत्तिवेतन, कुटुंबाचे रेशन जेव्हा अशाच प्रवाहातून वाहू लागते, तेव्हा ही काळजी कोण घेतो, हा खरा विचारण्याचा प्रश्न आहे.

त्यासाठी नकाशावरील तीन जागा तपासाव्या लागतात. घड्याळ कोठे सुरू होते आणि कोठे थांबते? कोणती पायरी गाळली? आणि आकडे जुळले नाहीत तर सिद्ध करण्याचा भार कोणावर पडतो?

पहिल्या जागेचे उदाहरण या देशातलेच आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या या कल्पनेचा १९७७ साली कायदा झाला. त्याच विचाराचा देशव्यापी विस्तार म्हणजे २००५चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा. काम केल्यापासून पंधरवड्याच्या आत मजुरी मिळाली पाहिजे, असे या कायद्याने सांगितले. उशीर झाल्यास, हजेरीपत्रक बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसानंतर थकलेल्या मजुरीवर दररोज ०.०५ टक्के भरपाई ठरली. म्हणजे हजार रुपयांवर दिवसाला आठ आणे. रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु तत्त्व मोठे होते. उशीर हा अपराध आहे आणि त्याची किंमत शासनाने मोजावी, हे त्यात मान्य केले होते.

आता प्रवाह पाहा. हजेरीपत्रक बंद होते. कामाचे मोजमाप होते. मजुरीची यादी तयार होते. मग निधी हस्तांतरणाचा आदेश निघतो आणि त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या अंकीय स्वाक्षऱ्या होतात. हा झाला पहिला टप्पा. तो गावात आणि तालुक्यात पार पडतो. त्यानंतर आदेश केंद्र शासनाच्या यंत्रणेकडे जातो आणि तेथून बँकेमार्गे पैसे मजुराच्या खात्यात पोचतात. हा दुसरा टप्पा. आज्ञावलीने भरपाईचा हिशेब करताना घड्याळ थांबविले ते दुसऱ्या स्वाक्षरीपाशी. त्यापुढे केंद्राच्या दारात पैसे कितीही दिवस अडले, तरी ते दिवस उशिरात धरलेच जात नसत. मजूर बँकेच्या पायरीवर बसलेला, आणि कागदोपत्री मजुरी 'वेळेवर' दिलेली!

येथे कोणी लाच खाल्ली नाही. कोणी खोटी सहीही केली नाही. एका वर्तुळातील घड्याळ चार घरे अलीकडे काढले, एवढेच घडले. परंतु त्यामुळे केंद्राच्या उशिराचे देणे हिशेबातून नाहीसे झाले आणि उशिराचा सगळा ठपका गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांवर राहिला. संसदेत असा बदल मांडला असता तर त्यावर चर्चा झाली असती. आज्ञावलीत तो चर्चेशिवाय झाला. १८ मे २०१८ रोजी स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी मानली नाही. मजुरी खात्यात जमा होईपर्यंतच्या संपूर्ण काळाची भरपाई मजुराला मिळाली पाहिजे आणि दुसऱ्या टप्प्यातील विलंबाची जबाबदारी केंद्राला टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. घड्याळाची जागा ठरविणे हा तांत्रिक तपशील नसून हक्काचा प्रश्न आहे, हे त्यामुळे न्यायालयीन नोंदीत आले.

दुसरी जागा गाळलेल्या पायरीची. याचा धडा ऑस्ट्रेलियाने दिला. तेथे बेरोजगारांना आणि विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य पंधरवड्याच्या मिळकतीवर ठरते. कर खात्याकडे मात्र वर्षाची मिळकत असते. दोन्हींत तफावत दिसली, की पूर्वी खात्यातील माणूस चौकशी करी, गरज पडल्यास मालकाकडून वेतनाचे तपशील मागवी. २०१५ साली प्रायोगिक रूपाने आणि २०१६पासून मोठ्या प्रमाणावर ही माणसाची पायरी काढून टाकण्यात आली. वर्षाच्या मिळकतीला सव्वीस पंधरवड्यांनी भागायचे आणि येईल ती सरासरी प्रत्येक पंधरवड्याची मिळकत समजायची, असा नियम आज्ञावलीला दिला गेला. एखाद्याने सहा महिने काम केले आणि पुढचे सहा महिने तो बेकार राहिला, तर बेकारीच्या महिन्यांतही त्याला मिळकत होती असे यंत्र सांगू लागले. त्याने घेतलेले साहाय्य 'कर्ज' ठरले. पूर्वी वर्षाला सुमारे वीस हजार प्रकरणांची चौकशी होई. आता आठवड्याला वीस हजार पत्रे सुटू लागली.

या योजनेला लोकांनी 'रोबोडेट' असे नाव दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील संघीय न्यायालयात अशा सरासरीवर आधारलेली वसुली बेकायदा ठरली. मे २०२० मध्ये शासनाने ४ लाख ७० हजार वसुल्या परत करण्याचे जाहीर केले. न्यायमूर्ती कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. बेकायदेशीरपणाचे इशारे खात्याच्या आत मिळत असूनही योजना चालूच कशी राहिली, हे त्याने उघड केले. आत्महत्या केलेल्या तरुणांच्या मातांच्या साक्षीही आयोगापुढे झाल्या. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला शिकविलेले काम ते बिनचूक करीत होते. शिकविणाऱ्यांनी खर्च वाचविण्यासाठी, शहानिशा करणारा माणूस तेवढा वगळला होता.

तिसरी जागा सिद्ध करण्याच्या भाराची. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये 'होरायझन' नावाच्या हिशेबप्रणालीने गावोगावच्या उपटपालांच्या खात्यांत तूट दाखविली आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. संगणक बरोबरच चालतो असे तेथील कायदा गृहीत धरी. तो चुकला हे आरोपीने दाखवायचे. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. भारतात १ जानेवारी २०२४पासून रोजगार हमीच्या मजुरीसाठी आधारशी जोडलेल्या खात्याची सक्ती झाली, तेव्हा भाराची हीच उलटापालट झाली. नावातील एका वेलांटीचा फरक किंवा खात्याच्या जोडणीतील गोंधळ यामुळे मजुरी अडली, तर धावपळ कोणी करायची? ज्याने खड्डे खणले त्याने! पंचायत बँकेकडे बोट दाखविते, बँक तालुक्याकडे, तालुका संगणकाकडे. कारखान्यातील अपवादांच्या रांगेला मालक असतो. या रांगेला मालकच नव्हता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कागदी हजेरीपत्रकांच्या काळात काय होते? मेलेल्यांची नावे मस्टरवर चढत होती, मुकादम अंगठे उठवीत होता, मजुरीतला वाटा मधल्यामध्ये गडप होत होता. रोजगार हमीच्या मोर्चांतून फिरलेल्या कार्यकर्त्यांना हे कोणी सांगायला नको. संगणकाने यातील काही वाटा खरोखरच बुजविल्या. मजुरी थेट खात्यात जाऊ लागली, हा लाभ खोटा नाही. म्हणून यंत्र फोडा, ही घोषणा आज निरर्थक आहे. पण यंत्र आणले की लबाडी संपते, हेही खरे नाही. १ जानेवारी २०२३पासून कामावरची हजेरी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊन नोंदविण्याची सक्ती झाली. जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून कबूल करावे लागले, की भलतीच छायाचित्रे चढविली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे. उपाय म्हणून छायाचित्रे माणसांकडून तपासून घेण्याचा आदेश निघाला. काढून टाकलेली माणसाची पायरी मागल्या दाराने परत आली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु त्यातही बायोमेट्रिक ओळख आणि अंकीय देखरेख यांवर भर आहे; तेव्हा कायदा बदलला तरी प्रवाहाचा प्रश्न संपत नाही.

मग करायचे काय? हत्यार हाताशी आहे. माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यातील चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला सांगते, की निर्णय घेण्याची कार्यपद्धती, देखरेखीची आणि उत्तरदायित्वाची साखळी स्वतःहून प्रसिद्ध करा. आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे द्या. निर्णय संगणकातून निघाला म्हणून या कलमाला अपवाद मिळत नाही. आज्ञावलीतील पायऱ्यांचा नकाशा म्हणजेच निर्णयाची कार्यपद्धती होय. तो मराठीत, पंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, ही मागणी कायद्याच्या चौकटीतलीच आहे. राजस्थानात लोकसंघटनांच्या रेट्यामुळे २०१९ साली 'जन सूचना' हे माहितीचे दालन शासनाला उघडावे लागले. म्हणजे हे अशक्य नाही.

या मागणीत चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. मुदतीचे घड्याळ हक्काच्या क्षणी सुरू व्हावे आणि पैसा हातात पडल्यावरच थांबावे. मजुरी, रेशन वा निवृत्तिवेतन नाकारण्याची पायरी यंत्राच्या नव्हे, माणसाच्या सहीने पूर्ण व्हावी. निव्वळ यंत्राने केलेल्या निर्णयाला नकार देण्याचा हक्क युरोपीय संघाने २०१८पासून आपल्या नागरिकांना दिलेला आहेच. अपवादांच्या रांगेत किती प्रकरणे, किती दिवस पडून आहेत, हे दर महिन्याला जाहीर व्हावे आणि त्या रांगेच्या अधिकाऱ्याचे नाव लोकांना ठाऊक असावे. आणि नियम बदलण्यापूर्वी तो ग्रामसभेपुढे, कामगार संघटनेपुढे ठेवला जावा.

फ्रेडरिक टेलरने १९११ साली आपले शास्त्रीय व्यवस्थापन मांडले, तेव्हा कामाचे ज्ञान कामगाराच्या हातून काढून नियोजनाच्या खोलीत नेण्याचा मार्ग दाखविला. आजचा प्रवाह त्याच खोलीत आखला जातो. त्या खोलीचे दार ठोठावण्यासाठी कार्यकर्त्याला संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. तालुक्याच्या कचेरीत जाऊन त्याने अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावे : मजुरीचा कागद कोणकोणत्या पायऱ्यांनी जातो, आणि घड्याळ कोठे थांबते?