लेकीची खोली रिकामी करताना

आम्ही जुन्या सांगवीतल्या बचत गटाच्या बायका. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या काठचं आमचं गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात आहे. पुणे विद्यापीठ, औंधची आयटीआय इथून जवळ. म्हणून बीड, लातूर, नांदेडकडच्या मुली इथे कॉट बेसिसवर राहतात. आमच्यातल्याही काही जणी घरातली खोली अशा मुलींना देतात. म्हणजे तुमची लेक आमच्या घरी, असंच म्हणा ना!

परीक्षा संपल्या की बांधाबांध सुरू होते. तीन वर्षांचा संसार असतो तो. गादी, बादली, कुकर, पोतंभर पुस्तकं. आई फोनवर सांगते, "काही टाकू नको, सगळं घेऊन ये." आईचा जीव आम्हाला कळतो. पण गादीच्या भाड्यात गावाकडे नवी गादी येते. ती मागून येणाऱ्या मुलीला द्यावी, चार पैसे सुटतात. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो सामान फुकट नेता येतं. गॅसची टाकी मात्र रेल्वेत चालत नाही, रिकामी असली तरी.

खरं अडतं ते डिपॉझिटपाशी. हे पैसे कुठून आलेले असतात? बऱ्याचदा आईने आपल्या गटातून उचललेले! आमच्या माहितीतल्या एका मुलीचं सगळं डिपॉझिट मालकाने रंगाच्या नावाखाली कापलं. तिकडे तिची आई अजून हप्ते भरत होती. यावर आमच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. खोली देणाऱ्या म्हणाल्या, पोरी भिंतीला खिळे ठोकतात, नळ तोडतात, त्याचं काय? तेही खरंच. शेवटी ठरलं ते असं: मुलगी येईल त्या दिवशी खोलीतल्या वस्तू वहीत लिहायच्या, मोबाइलवर फोटो काढायचे, दोघींनी सही करायची. जाताना तीच वही समोर घ्यायची. मोडलं असेल तेवढंच कापायचं आणि उरलेले पैसे त्याच दिवशी द्यायचे. वापराने भिंत मळते, त्याचे पैसे नाहीत. तुमची मुलगी दुसरीकडे राहत असली तरी तिला पहिल्याच दिवशी असं लिहून घ्यायला सांगा. शेवटच्या दिवशी भांडून फार काही हाती लागत नाही.

आता कागद. मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी हे सामानाच्या पोत्यात नको, खांद्यावरच्या पिशवीत हवं. कॉलेजात लायब्ररीचं 'नो ड्यूज' घ्यायचं आणि तिथलंही डिपॉझिट मागायचं, पुष्कळ मुली ते विसरून जातात. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये बजावलं आहे. बँकेचं खातं मात्र बंद करू नका. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात येते आणि दुसरा हप्ता कधी कधी निकालानंतरही पडतो.

आणि एक विचारतो, रागावू नका. खोली सोडायचं कोणी ठरवलं? चाकणला, हिंजवडीला मुलाखती चालू असताना घरून टेम्पो येतो आणि पोरगी सामानाबरोबर गावी जाते. मग पुन्हा यायचं म्हणजे नवी खोली, नवं डिपॉझिट, आणि तोवर घरात स्थळांचं बोलणं निघालेलं असतं. मुलाखत बाकी असेल तर एक महिना कॉट राहू द्या. जास्तीचं सामान तेवढं घरी न्या.

एखादी पेटी इथे मैत्रिणीकडे ठेवायची असेल तर वरच्या मजल्यावर ठेवा. धरणातून पाणी सोडलं की आमच्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरतं, जुलै 2024 मध्येही शिरलं होतं. पुस्तकं, कागद तळमजल्यावर नकोतच.

जमलं तर सामान न्यायला तुम्ही स्वतः या. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मराठवाड्याच्या बऱ्याच गाड्या वाकडेवाडीला येतात, तिथून सांगवी लांब नाही. लेक कुठे राहिली, कोणत्या कॉटवर झोपली, तेही बघून होईल. चहा आमच्याकडे.