तो भाग पळवू नका

अकिरा कुरोसावांचा ‘स्ट्रे डॉग’ तुम्ही पाहिला असेल, असं धरूनच बोलतो. टोकियोतला रणरणता उन्हाळा, खच्चून भरलेली बस, आणि मुराकामी या नवख्या पोलिसाच्या खिशातलं कोल्ट पिस्तूल कुणीतरी मारतं. आत सात गोळ्या. मुराकामी झालेल्या मिफुनेचा तो कासावीस चेहरा सगळ्यांना आठवतो. माझी तक्रार त्यापुढच्या भागाबद्दल आहे. लोक तो पळवतात!

मुराकामी जुना सैनिकी वेश चढवून काळ्या बाजाराच्या गल्ल्या पालथ्या घालतो. आठ-नऊ मिनिटं संवाद जवळपास नाहीत. गर्दी, घाम, पाय, डोळे. तरुण मंडळी म्हणतात, इथं काही घडतच नाही. अहो, बासुंदी करताना तरी वेगळं काय घडतं? मंद आचेवर ढवळत उभं राहायचं, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात सोडायची. आच वाढवली की तळाला लागलंच. कुरोसावा तेच करतात. तोच घामेजलेला चेहरा, तेच पाय पुन्हा पुन्हा आत सोडतात, आणि त्या पोलिसाची शरम आपल्यात दाट होत जाते.

आणि तो बाजार खरा आहे. 1949 सालचा चित्रपट; जपान युद्ध हरल्याला चारच वर्षं झालेली. पुढे ‘गॉडझिला’ करणारे इशिरो होंडा तेव्हा कुरोसावांचे सहायक. त्यांनी खऱ्या वस्तीत फिरून हे चित्रण केलं. काही ठिकाणी मिफुनेऐवजी तेच चाललेत.

पिस्तूल ज्याच्या हाती पडतं तो युसाही मुराकामीसारखाच सैन्यातून परतलेला. घरी येताना दोघांचंही सामान चोरीला गेलं होतं. एक पोलीस झाला, दुसरा दरोडेखोर. वडीलधारा पोलीस सातो – ताकाशी शिमुरांनी काय मायेनं उभा केलाय! – मुराकामीला बजावतो, गुन्हेगाराची कीव करत बसू नकोस. मुराकामीला ते सहजी पटत नाही, कारण तो त्या बाजारातून चालून आलाय. तुम्ही तो भाग पळवलात, तर तुम्हाला सातोचंच सगळं खरं वाटेल. म्हणून पुन्हा सांगतो, पळवू नका.

शेवटच्या झटापटीत जवळच्या घरातून पियानो ऐकू येतो, त्यावर बोलायचं होतं, मिनिटच उरलंय. गोळी सुटते, वाजवणारी बाई खिडकीशी येते, बाहेर बघते, परत वाजवायला बसते. युद्धानंतरच्या शहरात माणसं कशी... असो, ते पुन्हा केव्हातरी. आज एवढंच, बाजारातला भाग सबंध पाहा.