डोळ्याचे दोन राखणदार



कवटीतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. काही संवेदना आणतात, काही स्नायू हलवितात, काही दोन्ही कामे करतात. मी दोनच जोड्यांविषयी बोलते. पाचवी डोळ्यात कण गेल्याची खबर मेंदूस देते. सातवी पापणी मिटविते.

कुष्ठरोग या दोहोंना ग्रासू शकतो. मग डोळा झोपेतही उघडा राहतो, तेंदूपाने तोडताना गेलेले कुसळ खुपत नाही, आणि दुखत नाही म्हणून बाई दवाखान्यात जातच नाही!

आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन उभारले. तरी अंगावरचा बधिर चट्टा लपविणे अजून सुटत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. हळदीकुंकवाला शेजारणीची पापणी पुरती मिटेनाशी दिसली, तर तिला त्याच आठवड्यात घेऊन जा.