घोडनदीच्या काठी आपले स्वागत

सन्माननीय परिषदाध्यक्ष, व्यासपीठावरील ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ, शिरूर-दौंड तालुक्यांतील डॉक्टर मंडळी, आशाताई, शिक्षक आणि बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त शिरूरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. बायपोलर आजार वेळेवर कसा ओळखावा, या विषयावरची परिषद आमच्या तालुक्याच्या गावी भरते आहे, याचा आम्हाला अभिमान आहे.

जुनी माणसे या गावाला आजही घोडनदी म्हणतात. इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेकाठी लढली. रांजणगावचा महागणपती आमच्या तालुक्यातला. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, पाबळला मस्तानीची कबर. त्याच पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सुटलेल्या पोरांच्या हाती हत्यारे देऊन त्यांना शिकते केले. शेजारी दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभारले.

परंतु मला आज विशेष आठवण होते ती कर्नल विल्यम वॉलेसची. १८०३ च्या असईच्या लढाईत लढलेला हा अधिकारी १८०९ मध्ये इथे वारला. माणूस परक्या मुलखातला, परक्या धर्माचा. तरी इथल्या लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ म्हटले. सुगी झाली की आसपासच्या गावांतले शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याशी आणत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. परक्याला इतके आपले करणाऱ्या या मातीबद्दल किती बोलावे!

आमच्याकडे अडचणीत माणसाचे पाय आधी श्रद्धेच्या ठिकाणी वळतात. त्यात काही कमीपणा नाही. मात्र अंगाऱ्याबरोबर दवाखान्याचीही पायरी चढली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास घरातला कर्ता मुलगा रात्र रात्र जागतो, तरी थकत नाही. बोलणे थांबत नाही, कर्ज काढून कांद्याच्या व्यापाराचे मोठमोठे बेत आखतो. घरचे म्हणतात, पोरगा हुशारीला आला. शिमग्याला तोच पोरगा अंथरुणातून उठत नाही, जेवत नाही. मग त्याला डॉक्टरकडे नेतात आणि सांगतात फक्त शिमग्याचे. दिवाळीची गोष्ट घरातच राहते, आणि आजाराला नुसते नैराश्य असे नाव पडते. एकट्या नैराश्याच्या गोळ्यांनी अशा रुग्णाचा उन्माद उसळू शकतो, हे तज्ज्ञ आपल्याला समजावून सांगतीलच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. म्हणून माझी विनंती एवढीच, की डॉक्टरांनी चढाचे दिवस आवर्जून विचारावेत आणि घरच्यांनी ते न लाजता सांगावेत. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे झाले तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो गावोगावच्या चावडीवर लागावा.

शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे लांबच्या पाहुण्यांना दौंड जंक्शनला उतरून रस्त्याने यावे लागले, त्या त्रासाबद्दल क्षमा मागतो. निवासाची सोय मंगल कार्यालय आणि वसतिगृह अशी विभागावी लागली. गाद्या ऐनवेळी गोळा केल्या, पाण्याचे टँकर उशिरा आले, मांडवात उकाडा आहे. दुपारच्या जेवणाला पंगती दोन होतील. ज्येष्ठांना पहिल्या पंगतीला बसवावे, असे वाढप्यांना सांगितले आहे. काही उणे राहिले तर ते आमच्या पदरी घाला, गावाला बोल लावू नका.

मांडव उभारणारे, धान्य आणि भाजीपाला देणारे शेतकरी, दूध पुरवणाऱ्या संस्था, बाजारपेठेतले व्यापारी बंधू, रांजणगाव एमआयडीसीतले उद्योजक, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या करून देणारे विद्यार्थी, दौंडच्या फलाटावर पहाटेपासून फलक धरून उभे राहिलेले स्वयंसेवक आणि घरची चूल सांभाळून शंभर शंभर पोळ्या लाटणाऱ्या माताभगिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे. देणगीदारांची नावे पत्रिकेत छापली आहेत. नाव छापू नका म्हणून देणगी देणाऱ्यांना इथूनच हात जोडतो. त्यांपैकी काहींच्या घरी हा आजार आहे. आज ते मांडवात मागच्या रांगेत बसले आहेत. तज्ज्ञांनी आपले बोलणे त्यांना कळेल अशा मराठीत ठेवावे, ही यजमान या नात्याने माझी शेवटची विनंती.

आपल्या सर्वांचे पुन्हा एकवार स्वागत करतो आणि परिषदाध्यक्षांनी कामकाज सुरू करावे अशी प्रार्थना करतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!