जवारीची उमेदवारी



कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकणाऱ्यास मराठीत ‘उमेदवार’ म्हणत आले आहेत. हा शब्द आता बहुतांशी निवडणुकीने पळविला आहे. तरी त्यातील ‘उमेद’ मूळची कारखान्यातलीच. ती किती वर्षे आणि कशाच्या बळावर टिकवावी लागते, याचे उत्तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळते.

मिरजेतील शिकलगार हे मुळात हत्यारांना धार लावणारे. राजवट बदलली, तलवारींचे काम आटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच समाजातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते. असा जाणकार शेजारी लाभला म्हणजे कारागिराला हयगय करून चालत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या गल्लीत नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी हत्यार येत नाही. मंगळवेढा-पंढरपूर भागातून आलेले वाळके भोपळे उतरवून घेणे, ते पारखणे, पाण्यात भिजविणे, आतला गर खरवडणे, ही त्याची पहिली कामे. भोपळा पातळ कुठे आहे, चीर कुठे दडली आहे, हे बोटाला कळू लागते ते याच कंटाळवाण्या दिवसांत. मग तुनीचे लाकूड येते. दांडी पोखरणे, तबली बसविणे, खुंट्या घासणे, लाखेचे पॉलिश. उस्ताद फारसे बोलत नाहीत. मुलाने पाहावे, चुकावे, ओरडा खावा आणि पुन्हा बसावे, अशी ही शाळा. ती नेहमीच दयाळू असते असे नाही. केवळ पाणी भरण्यात आणि झाडलोटीत मुलाचे वर्ष वाया घालविणारे गुरूही जुन्या काळी होतेच.

खरी परीक्षा असते जवारीची. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा पाहणाऱ्याला सपाट वाटतो. प्रत्यक्षात त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुनःपुन्हा टेकते आणि त्या स्पर्शातून स्वराभोवती उपस्वरांचे वलय उभे राहते. कानस किंचित जास्त फिरली तर स्वर बोथट होतो; कमी फिरली तर तो उघडतच नाही. मग तार सैल करावयाची, घासावयाचे, तार चढवावयाची, ऐकावयाचे, दिवसभर हेच. शेवटी तारेखाली सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. त्या जागेपासून केसभर हलला की झंकार नाहीसा होतो. आणि एवढे करूनही हे काम कायमचे नसते. तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे येते.

हे मोजपट्टीने शिकविता येत नाही. पूर्वी हरणाच्या शिंगाची घोडी असे. कायद्याने ते बंद झाल्यावर उंटाचे हाड, शिसवी आणि कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येकाचा घास वेगळा, म्हणून हाताला पुन्हा शिकणे आले. उमेदवाराने काढलेली जवारी उस्ताद ऐकतात. पसंत पडली तर शाबासकी क्वचितच मिळते. ते वाद्य गिऱ्हाइकाच्या हवाली होते, एवढेच. मुलाला त्यातून जे समजावयाचे ते समजते.

या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत मिळकत तुटपुंजी. घरचाच मुलगा असेल तर चूल एक असल्याने निभावते; बाहेरच्याने काय करावे? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा विद्यावेतनाची तरतूद करतो, परंतु उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसे असणाऱ्या आस्थापनांना आहे. बाप, दोन मुलगे आणि एक पुतण्या एवढ्यांचा कारखाना त्या हिशेबात येत नाही. दरम्यान इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तो मोबाइलमध्येही शिरला. आणि कारागिरांची पुढची पिढी पगाराच्या नोकरीकडे वळू लागली. तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

शिक्षणासाठी साहाय्य देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात थोड्या नाहीत. त्यांच्या बहुतेक अर्जांत महाविद्यालयाचे नाव, इयत्ता आणि गुणांची टक्केवारी यांचे रकाने असतात. तिसऱ्या वर्षी अजून घोडीच घासत बसलेल्या मुलाने त्या रकान्यांत काय लिहावे?